गेटाबाहेरचं हळदीकुंकू

बेळ्ळंदूर, बेंगळूरु
१८ डिसेंबर २०२४

प्रिय सुखदा,

फोन केला की तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून पत्र. जन्मभर टपाल खात्यात दुसऱ्यांची पत्रं हाकली, आता स्वतःची दोन लिहायला हरकत नाही. शिवाय बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट काय सांगायच्या ते आठवतं ना? ज्याच्याखाली सही करायची लाज वाटेल ते तोंडानेही बोलू नये. मी खाली ठळक सही करणार आहे.

तुझा मुलगा मूर्ख आहे.

हे एकदा लिहून टाकलं की पुढचं शांतपणे लिहिता येईल असं वाटलं होतं. येत नाही.

मल्हार आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला तेव्हा तू पुण्यात पेढे वाटलेस. आता त्याने काय केलंय ते ऐक. चंपा तुला माहीत आहे. खानापूरकडची, त्याच्याकडे आणि माझ्याकडे स्वयंपाक करते, तुझ्या नातीला पहिला वरणभात तिनेच भरवला. गेल्या आठवड्यात कामवाल्या बायकांसाठी असलेली लिफ्ट बंद पडली. चंपाचा गुडघा सुजलेला. माझं घर चौदाव्या मजल्यावर. ती आपली 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी असलेल्या लिफ्टमध्ये चढली. आत वरच्या मजल्यावरची एक बाई होती, कुत्र्यासकट. बाई म्हणाली, ही लिफ्ट तुमच्यासाठी नाही. चंपाने कुत्र्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यो मेन्टेनन्स भरतोय का वैनी?"

मी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. बाईने तक्रार केली. आणि तुझ्या चिरंजीवांनी गेटच्या ॲपमध्ये चंपाचं नाव ब्लॉक करून टाकलं. तुमच्या पुण्यातही असेल हे: आत येणाऱ्या प्रत्येक कामवाल्या बाईचा फोटो आणि नंबर त्यात असतो. एक बटण दाबलं की सगळी घरं एकदम बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटवर आली तर बसवंतच्या मोबाईलवर लाल फुली. बसवंत म्हणजे आमचा गदगचा वॉचमन, सज्जन माणूस. मान खाली घालून मला म्हणाला, "अक्का, स्वल्प, थोडं साहेबांशी बोला. माझ्या हातात काही नाही."

साहेबांशी बोलले. साहेब म्हणाले, "मावशी, तिने लेखी माफी द्यावी. रूल इज रूल. पर्सनल घेऊ नकोस."

ज्या बाईच्या हातची पोळी रोज पोटात जाते, तिची रोजी काढून घ्यायची आणि पर्सनल घेऊ नकोस म्हणायचं! तुझ्या मुलाला तू काय शिकवलंस हे मला उलट टपाली कळव.

रागावलेली,
सुनंदा

*

पुणे
२६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,

तुझं पत्र ह्यांनी आधी वाचलं आणि मला देताना म्हणाले, "पाणी पिऊन घे." तरी मी रडले. मूर्ख काय, अक्का? चाळिशीला आलेला मुलगा आहे. ऑफिस सांभाळून फुकटात सोसायटीचं काम करतो आणि घरचीच माणसं त्याला शिव्या देतात.

कुणी कुठली लिफ्ट वापरायची हे त्याने ठरवलं नाही, तो येण्याआधीपासून तसंच आहे. त्या बाईने उलट उत्तर कशाला द्यायचं? दोन ओळी माफीच्या लिहिल्या की संपलं. एवढ्याशा गोष्टीवर तू रान उठवतेस, त्यामागचं खरं कारण मला कळतं. राग मानू नकोस. गेल्या संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाने हळदीकुंकवाला तुला बोलावलं नाही, रांगोळीच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून लांब खुर्ची दिली. भावोजी गेल्यापासूनचं हे तुझं दुखणं आहे. ते मल्हारवर काढू नकोस.

आणि नुसतं लिफ्टचंही नाही ते. तुला सांगू नको म्हणाला होता, पण तुझा गैरसमज नको म्हणून लिहिते. ती चंपा सगळ्या बायकांना रविवारची सुट्टी मागायला शिकवत होती म्हणे. तलावाकडच्या कट्ट्यावर सकाळी सगळ्यांना जमवायची. कमिटीला हे आधीच कळलं होतं. एक बोलली की सगळ्या बोलतात, मग घरं चालायची कशी? लिफ्टचं निमित्त झालं, इतकंच. बघ, म्हणजे मल्हारने काही एकट्याने तडकाफडकी केलेलं नाही.

संक्रांतीला मी येतेय. नातीचं बोरन्हाण आहे, सूनबाईने सगळ्या टॉवरमधल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलंय. हलव्याचे दागिने मी इथून आणतेय. तोवर तीळगूळ खाल्ल्यासारखं थोडं गोड बोलायला शिक, एवढी विनंती.

तुझी,
सुखदा

*

बेळ्ळंदूर
२ जानेवारी २०२५

प्रिय सुखदा,

तुझे उपकार कसे फेडू? तू लपवायला बसलीस की सगळं सांगून मोकळी होतेस, लहानपणापासून.

म्हणजे लिफ्ट नव्हतीच. सुट्टी होती. आठवड्यात एक दिवस आपल्या घरी झोपायला मागणारी बाई कमिटीला नकोशी झाली, आणि तिच्या गुडघ्याचं निमित्त करून तिला हाकललं. तू हे मला शांत करायला लिहिलंस? सिस्टर बर्नाडेट असत्या तर तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मंडळाचा राग मला आहेच. ज्या समारंभात नवरा मेलेल्या बाईला दारातून वळवतात त्या समारंभाला मी संस्कृती म्हणत नाही. पण माझा एक राग दुसऱ्याच्या आड येत नाही. माझ्याकडे पुष्कळ राग आहे, सगळ्यांना पुरेल.

काल मारतहळ्ळीला चंपाच्या खोलीवर गेले. ती कागद घेऊन बसली होती. माफी लिहायला.

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमची पेन्शन येती."

सुखदा, मला गप्प बसवणाऱ्या बायका मोजक्याच. त्यात काल एक वाढली.

तेवढ्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या चौघीपाचजणी आल्या. एकीने तांदूळ आणले होते, एकीने तेल. त्यातली सोनम, कलबुर्गीकडची, तोंडाने माझ्यासारखीच, तिने कागद ओढून घेतला. "तू लिहिलंस की उद्या आम्हालापण लिहावं लागंल. तांदूळ संपला की सांग, कागद मागू नको." चंपाला हसू आलं. मग रडूही आलं. मग चहा झाला.

त्या म्हणाल्या, रविवारची सुट्टी मागितली की घरोघरी एकच उत्तर मिळतं: आमचं कोण करणार? मी विचारलं, कधीच सुट्टी मिळत नाही? चंपा म्हणाली, "मिळती की. हळदीकुंकवाला जाते म्हटलं की जा म्हणतात. वर जुनी साडीपण देतात."

आणि मग आम्ही सगळ्याच एकमेकींकडे बघत राहिलो.

सुखदा, हळदीकुंकू करायचं ठरलंय. माझ्याकडचं. संक्रांतीलाच, संध्याकाळी. यजमानीण मी, आणि ह्या सगळ्या माझ्याबरोबर यजमानिणी. आमंत्रण प्रथेप्रमाणे घरोघरी जाऊन, करंडा घेऊन, कुंकू लावून. चंपाला आत सोडत नाहीत, पण बाकीच्या रोज आतच असतात. दारात कुंकू लावून बोलावलेल्या बाईने जायचं टाळायचं नसतं, हे तुझी सून आणि तिचं मंडळ मला दर वर्षी ऐकवतं. आता बघू.

समोरच्या फ्लॅटमधली भाग्यलक्ष्मी एळ्ळु-बेल्ल करून देतेय. तिच्याकडे संक्रांतीला म्हणतात, एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि. तीळगूळ खा, चांगलं बोला. मी तिला म्हटलं, मी तीळ खाईन, चांगलं बोलायचं तुम्ही बघा.

सुनंदा

*

बी टॉवर, बेळ्ळंदूर
८ जानेवारी २०२५

आदरणीय मावशी,

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतोय. मराठी लिहायची सवय नाही, चुका समजून घे.

क्लबहाऊसचं तुझं बुकिंग कमिटीने रिजेक्ट केलं आहे. कॉमन एरियामध्ये स्टाफसाठी कार्यक्रम करायची परवानगी नाही. लिफ्ट लॉबी, बाग, पार्किंग, कुठेही नाही. केलास तर मला नाइलाजाने फाइन लावावा लागेल.

मावशी, मी वाईट माणूस नाही. सकाळी उठल्यापासून लोकांचे मेसेज येतात, पाणी नाही, टँकर नाही, तलावाचा वास येतो. त्यात ह्या बायका एकत्र आल्या तर सगळे मलाच विचारणार. मला फक्त शांतता हवी आहे. त्याच संध्याकाळी मुलीचं बोरन्हाण आहे, आई येतेय. त्या दिवशी तरी तमाशा नको, प्लीज.

मल्हार

*

१० जानेवारी २०२५

चि. मल्हार,

ब्लॉक झाल्यावर कसं वाटतं? तुझ्याकडे दाराखालची फट तरी होती.

शांतता हवी, हे तू स्वतःच लिहिलंस, बरं झालं. एका बाईचं पोट मारून जी मिळते तिला शांतता म्हणत नाहीत. आमच्या पोस्टात एक साहेब होते. लोकांचे अर्ज टपालात घालायचेच नाहीत, टेबलाच्या खणात कोंबायचे. त्यांचं ऑफिसही फार शांत होतं.

क्लबहाऊस ठेव. बाग ठेव. पार्किंगमध्ये तुझी गाडी झोपव. गेटाबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा आहे, तिथे तुझं ॲप चालत नाही. संक्रांतीला संध्याकाळी तिथे हळदीकुंकू आहे. तुझ्या बायकोला बोलावणं सोनम देऊन गेलीच आहे. तुझ्या बायकोने कुंकू लावून घेतलं, ओटीत बोरं घेतली आणि 'येते' म्हणाली. विचार तिला.

मावशी

*

बी टॉवर, बारावा मजला
१५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

तुझ्याच सोसायटीत बसून तुला पत्र लिहितेय आणि बसवंतच्या हातून पाठवतेय. समोर आले तर तू बोलू देणार नाहीस. काल तू खाली होतीस. वर काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, आणि ते तुला कळायला हवं.

आम्ही सगळं मांडून बसलो होतो. काळ्या झबल्यात नात, गळ्यात हलव्याचा हार, कानात हलव्याचे डूल. पाट, रांगोळी, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. पाच वाजले, साडेपाच वाजले. कुणी येईना. मल्हारच्या मोबाईलवर गेटचा कॅमेरा दिसतो. त्यात दिसलं की ज्या ज्या बायका बोरन्हाणाला निघाल्या त्या खाली गेटाबाहेर जाऊन थांबल्या होत्या. जरीच्या साड्या नेसून, फुटपाथवर. सूनबाई ते बघून नुसती हसली. मल्हार तिला म्हणाला, "तू पण मावशीच्या बोलावण्याला हो म्हणालीस?" ती म्हणाली, "दारात कुंकू लावलं, मल्हार. नाही कसं म्हणायचं?" आणि तिने बोरांची टोपली उचलली, लिफ्टचं बटण दाबलं आणि गेली. नवऱ्याकडे वळूनही बघितलं नाही.

मी नातीला कडेवर घेऊन मागोमाग आले ती तिला परत आणायला. तुला चार शब्द सुनावायला. तुझ्या बाजूने नाही, हे लक्षात ठेव.

बंद गेटाच्या गजांतून तू करंडा पुढे केलास आणि मी मागे सरकले. ते तू बघितलंस. तुझ्या डोळ्यांत जे आलं ते मला रात्रभर दिसत होतं. तुझ्या हातात करंडा असायला नको, असं माझ्या अंगात कुठेतरी मुरलेलं आहे. मला ते माहीतही नव्हतं. पाऊल आपोआप मागे गेलं.

मग तुझ्या त्या बायकांनी उखाण्यांचा हट्ट धरला. कानडी बायकाही. त्यांच्याकडेही नवऱ्याचं नाव असंच यमक जुळवून घेतात, ओडपु म्हणतात, हे मला काल कळलं. आधी तू घेतलंस. पंधरा वर्षांत पहिल्यांदा भावोजींचं नाव तुझ्या तोंडून ऐकलं.

"सूर्यकांत गेले तेव्हा कुंकू पुसायला धावला गाव,
रस्त्यावर उभी राहून आज घेते त्यांचं नाव."

मंडळाच्या दोघीतिघी खाली बघायला लागल्या. आणि मग चंपा. तिचा नवरा तिला टाकून गेलाय ना? ती म्हणाली, "मी नवऱ्याचं घेत नाही. लिफ्टचं घेते."

"वरणाला घालते हिंग, भाताला घालते तूप,
हातचं माझ्या चालतं, लिफ्टात चालत नाही रूप."

आधी कुणी हसलं नाही. मग भाग्यलक्ष्मी हसली, तिने शेजारणीला कन्नडमध्ये सांगितलं, तिने पुढच्या बाईला तेलुगूत, आणि हसू त्या सगळ्या रांगेतून फिरत आलं. कुत्रावाली बाईही तिथे होती, अक्का. तीही बोलावणं मोडू शकली नाही. ती मात्र हसली नाही.

नातीने चंपाला बघितलं आणि हात पसरले. गजांतून चंपाचा हात आत आला, तिचा बाहेर गेला. हलव्याचा हार गजात अडकून तुटला. दाणे सगळे खाली. ती रडायला लागली, आणि मागून मल्हारचा आवाज आला, "बसवंत, कोणालाही आत सोडायचं नाही."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सोनम म्हणाली, "आज्जी, तुमचा पण एक होऊन जाऊ द्या." मला उखाणा सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, "बसवंत, गेट उघड."

बसवंतने मल्हारकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उघडलं. पुढचं तू बघितलंसच. बोरन्हाण रस्त्यावर झालं, पहिली ओंजळ चंपाने ओतली.

मल्हार माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी त्याने बसवंतला काढून टाकायचं पत्र टाइप केलं. मी म्हटलं, गेट उघडायला मी सांगितलं, तर आधी मला काढ. पत्र अजून पाठवलेलं नाही. मी उद्या पुण्याला जातेय. तुला भेटायची हिंमत नाही. करंड्याचं तेवढं माफ कर.

सुखदा

*

रथसप्तमी, ४ फेब्रुवारी २०२५
बेळ्ळंदूर

प्रिय सुखदा,

माफ करायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. पण गेट उघडल्यावर बाहेर येऊन तू कपाळ पुढे केलंस, त्यावर मी कुंकू लावलं. तेवढ्यावर भागव.

परवा सोसायटीची सभा झाली. ऐक, आणि लगेच तुझ्या नवऱ्याला पेढे आणायला पाठवू नकोस, कारण निम्म्याहून जास्त राग अजून शिल्लक आहे.

सभेला मी आणि भाग्यलक्ष्मी चंपाला घेऊन गेलो. ती रहिवासी नाही म्हणून एकाने हरकत घेतली. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षीणबाई उठल्या. होय, त्याच, मला रांगोळीपाशी बसवणाऱ्या. म्हणाल्या, "त्यांच्या हातून आम्ही वाण घेतलंय, आता उभं कसं ठेवायचं?" आणि स्वतःची खुर्ची दिली. त्या बाईंबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण खुर्ची दिली हे लिहिलं पाहिजे.

चंपा बोलली ती दोन मिनिटं. "मी माफी लिहिणार होते. हिने कागद काढून घेतला," सोनमकडे बोट दाखवून. "म्हणून इथं आले. लिफ्ट द्या नाहीतर देऊ नका, जिना हाय. पण बटण दाबायच्या आधी एकदा इचारा तरी, बाई काय झालं म्हणून. आणि रविवारी माझं पोरगं घरी असतंय. मला त्याला जेवाय वाढायचंय."

मग मल्हार उठला. मी मनात शब्दांची जुळवाजुळव करून बसले होते, धारदार होते, फुकट गेले. ठराव त्यानेच वाचला, कागदातून डोळे न काढता. यापुढे ऐकून घेतल्याशिवाय कुणाचंही नाव ब्लॉक करायचं नाही. लिफ्टची पाटी काढायची. बसवंतवर कारवाई नाही. रविवारच्या सुट्टीची सक्ती सोसायटी करू शकत नाही, पण प्रत्येक घराने ती द्यावी अशी विनंती. विनंती! बायकांच्या झोपेसाठी विनंती आणि कुत्र्याच्या फिरण्यासाठी नियम. मी ओरडले. ओरडून विनंतीची विनंतीच राहिली. पण सभेतच बायका एकेक करून हात वर करायला लागल्या, आमच्याकडे सुट्टी, आमच्याकडे सुट्टी. नवरे बघत राहिले. चार घरांनी मात्र त्याच संध्याकाळी सोनमला कामावरून काढलं. दोन घरं तिला आम्ही दुसरी मिळवून दिली, दोन अजून शोधतोय. विजय वगैरे शब्द मला लिहून पाठवू नकोस.

लिफ्टची पाटी काढली, तिथे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय. चंपा म्हणते, "ऱ्हाऊ दे अक्का, रंग नका लावू." मीही तेच म्हटलं.

आता शेवटचं, तुझ्यासाठी. परवाच्या रविवारी, सभेच्या आधी. संक्रांतीनंतर ॲपमधली चंपाची लाल फुली गुपचूप गेली होती, आणि माझ्याकडे, मल्हारकडे आणि भाग्यलक्ष्मीकडे सुट्टी आम्ही ठराव व्हायच्या आधीच सुरू केली होती. मल्हारकडे त्याने नाही, सूनबाईने. ती स्वतः तिच्या आईकडे गेली होती. मी पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, खालून लागलं. चडफडत ताटात वाढून घेतलं तोच बेल वाजली. दारात तुझा मुलगा, कडेवर नात, हातात रिकामा डबा. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या दारात.

"मावशी," म्हणाला, "काही आहे का खायला?"

मी बाजूला झाले. गोड काहीही बोलले नाही, ह्याची तू खात्री बाळग. त्याला पिठलं गुठळ्यांसकट वाढलं. त्याने मुकाट्याने खाल्लं, आणि पुन्हा मागितलं.

नात सगळ्या खोल्यांतून फिरून आली, स्वयंपाकघरात डोकावली, आणि माझ्या पदराला धरून विचारलं, "चंपा कुठाय?"

मी मल्हारकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता. मग त्यानेच सांगितलं तिला.

"सुट्टीवर आहे."

सुनंदा